तीन वाजून गेल्यावर

राणी व्हिक्टोरिया हात जोडून उभी असलेली मी पहिल्यांदा पाहिली ती सोलापुरात, सात रस्ता चौकातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात.

आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांमधली महत्त्वाकांक्षा, प्रेम आणि राजकारण. मी तिथे तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला शिकवण्याखेरीज बाकीची सगळी कामं असतात. त्यामुळे फ्लेक्स करून आणायचं माझ्या गळ्यात पडलं. मी मजकूर मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘राणीचा फोटो टाका.’ संध्याकाळी जाऊन बघते तर मधोमध राणी, तिच्यामागे भगवे-पिवळे किरण, वर ओळीने शहरातल्या पुढाऱ्यांचे गोल फोटो. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आमचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि शेवटच्या गोलात मी! राणीचे हात जोडलेले होते. हात अर्थातच तिचे नव्हते. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

मी तोंडाला येईल ते बोलले. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिशीचा असेल, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना शाईचे डाग.

“हात जोडल्याबिगर फ्लेक्स रिकामा दिसतो, मॅडम,” तो म्हणाला. मग राणीकडे बघून अगदी गंभीरपणे, “ह्या बाई कुठल्या प्रभागातनं उभ्या हायेत?”

तो चेष्टा करतोय की खरंच विचारतोय, ते मला कळेना. पुढे कळलं की हा माणूस चेष्टा करताना कधीच हसत नाही, फक्त त्याची एक भुवई जरा वर जाते. दुसरा फ्लेक्स करायला वेळ नव्हता. चर्चासत्र दुसऱ्या दिवशी सकाळीच होतं. मी रागारागाने निघून आले आणि रिक्षात बसल्यावर मला हसू फुटलं... ते घरापर्यंत थांबलं नाही.

सकाळी तो स्वतः फ्लेक्स बांधायला आला. बांधून झाल्यावर जाईल असं वाटलं होतं, पण शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मी माझा निबंध वाचला. त्या कादंबऱ्यांत लहान गावातला एखादा हुशार मुलगा असतो. त्याला पार्लमेंटात जायचं असतं. त्यासाठी पैसा हवा, कुणा बड्या माणसाची मर्जी हवी आणि निवडून येण्याजोगी जागा हवी. या सगळ्याकडे जाणारा रस्ता नेमका एका दिवाणखान्यातून जातो, जिथे त्या बड्या माणसाची लेक बसलेली असते. आणि त्याचा जीव जिच्यावर जडलेला असतो ती भलतीकडेच, कुठल्या तरी खेड्यात वाट बघत असते. मी वाचत होते आणि प्राध्यापक मंडळी मोबाइल बघत होती. एकटा तो पुढे झुकून, हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत होता.

चहाच्या वेळी कप घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. “हे दीडशे वर्षांमागचं हाय म्हणता?”

मी हो म्हटलं.

“मग आमच्या पक्षातल्या मालकांच्या ऑफिसात काय चालतं, हे त्या लोकास्नी कसं कळलं?”

यावेळी भुवई वर गेली नव्हती. त्याच्या डोळ्यांत इतकं खरं नवल होतं, की माझ्या मार्गदर्शकांनाही माझ्या विषयाबद्दल कधी तेवढं वाटलं नसेल. मला एकदम लाजल्यासारखं झालं. जणू ती पुस्तकं मीच लिहिली होती.

त्याचं नाव सिद्धलिंग. आमची पेठ त्याला सिद्धूअण्णा म्हणते. घर होटगीला, वडील रेल्वेत गँगमन होते. दहा वर्षं तो इतरांचे चेहरे छापत होता, वाढदिवसाचे, निवडीचे, सत्काराचे. एक दिवस मधला मोठा फोटो आपला असावा, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती तो कुणालाही सरळ सांगायचा. महापालिकेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल म्हणत वर्षं चालली होती, आणि आमच्या पेठेतल्या एका जागेसाठी तो गल्लीबोळ पालथे घालत होता. पक्षाचे बसलिंगप्पा मालक त्याला तिकिटाचा शब्द देऊन बसले होते. एखादी गोष्ट इतकी उघडपणे हवी असणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे हवं असलेलं मनात ठेवायची पद्धत आहे.

चर्चासत्र संपल्यावर तो फ्लेक्स गेला काशम्माकडे. काशम्मा आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलं विकते, आणि जुना फ्लेक्स म्हणजे तिच्या टपरीचं छप्पर. तेव्हापासून राणी आमच्या डोक्यावर उताणी पसरली आणि तिच्या सावलीत आमच्या भेटी सुरू झाल्या. मी कॉलेजातून यायची वेळ आणि त्याची पेठेत फेरी मारायची वेळ रोज कशी जुळायची, ते मी कधी विचारलं नाही. मी त्याला एक जाडजूड कादंबरी रोज थोडी थोडी सांगत असे. तो मोगऱ्याच्या पाटीशेजारी उकिडवा बसून ऐकायचा.

“शेवटी त्यो लग्न कुणाशी करतो?” एकदा त्याने विचारलंच.

“वाचा की.”

“वाचलं तर रोज हितं यायला कारण काय सांगू?”

मी शेवंतीची वेणी निरखायला लागले. काशम्माने ती वेणी माझ्या हातात दिली, आणि पैसे काढायला लागले तर माझा हात बाजूला सारला.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी आलं नाही, तर गल्लीत कुणी कुणाच्या तोंडी लागू नये. दसऱ्याच्या आधी एका सकाळी असंच झालं. मी घागर घेऊन बाहेर आले तर नुसता गोंधळ. टँकर आला होता आणि पुढच्या बंगल्यांकडे निघाला होता. काशम्माने आपली फुलांची पाटी रस्त्याच्या मधोमध ठेवून तो अडवला. मग घागरींची रांग लावली, आणि त्या रांगेत मालकांच्या घरचं पिंपही शेवटी गेलं. तेवढ्यात सिद्धू स्कूटरवरून आला, मागे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला बसवून. काशम्माशी आणि माझ्या अप्पांशी कानडीत बोलला, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्यांच्या बायकांशी तेलुगूत, वेल्डिंगवाल्या चाचांशी दखनी उर्दूत, आणि टँकरवाल्याशी मराठीत. प्रत्येकाला तो आपल्या घरातला वाटत होता. तासाभरात नळ सुरू झाले.

मी घागर घेऊन तशीच उभी होते. माणूस आवडला की आपण जास्त बोलतो, जरा नीटनेटके राहतो. पण एखाद्याकडे बघून आपला आवाजच जातो, ते निराळं असतं. अव्वाने, माझ्या आईने, दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही. आता आपलं काही खरं नाही, हे मला त्या नळाच्या पाण्याच्या आवाजात कळलं.

आणि मग आरक्षणाची सोडत निघाली. चिठ्ठी उघडली, आणि सिद्धूची जागा निघाली महिला राखीव.

प्रभागातल्या बाकीच्या जागा आधीच वाटल्या गेल्या होत्या. त्या दिवशी तो टपरीकडे आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सकाळी मात्र आमच्या दारात गाडी थांबली. बसलिंगप्पा मालक, पक्षाची दोन माणसं, नारळ, फळं, साडी... आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घालून सिद्धू.

मालक मुद्द्याचं बोलतात. जागा बायकांची झाली आहे, पण म्हणून पोराची मेहनत वाया जाऊ द्यायची नाही. मुलगी पेठेतली, शिकलेली, आपल्या लोकांतली, इंग्रजी बोलणारी. मतदारयादीत नाव आहेच. अर्ज भरायच्या आधी लग्न उरकू, तिकीट घरात येईल. काम सगळं सिद्धू बघेल, मुलीने फक्त सह्या करायच्या आणि हात जोडायचे. माझे अप्पा, निंगप्पा किराणावाले, जन्मभर गल्ल्यामागे बसलेला माणूस. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना.

एक क्षण मलाही गोड वाटलं. जे माणूस मनापासून हवं होतं तेच दारात आलं होतं, साडी घेऊन. मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि मला तो फ्लेक्स आठवला, राणीचा चेहरा आणि हात दुसऱ्याच बाईचे. इथे चेहरा माझा असणार होता. मी विचार करायला वेळ मागितला आणि आत गेले. आत जाऊन खूप रडले.

सोमवारी तो टपरीवर आला. काशम्मा फुलांवर पाणी मारायच्या निमित्ताने पलीकडे गेली.

“मला आधी का नाही विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारणार होतो.”

“कधी?”

“निवडून आल्यावर. म्हटलं, आधी कुणीतरी होतो, मग विचारतो. फ्लेक्सवाल्याला मास्तरीण कोण देतंय...”

“आणि आता तिकिटासाठी विचारताय.”

तो लगेच ‘नाही’ म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याला कायम मानेन. तो शेवंतीची एक एक पाकळी खुडत राहिला. मग म्हणाला, “मला दोनी पायजे. तुमीबी पायजे, तिकीटबी पायजे. सोडत निघायच्या आदी मला ठावं हुतं कुठलं किती पायजे ते. आता माझं मलाच कळंना झालंय.”

मी त्याला पुस्तकातलं सांगितलं. शिकवणाऱ्याला दुसरं काय येतं? म्हटलं, राणीच्या काळात इंग्लंडातल्या बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं. राणी सिंहासनावर, पण देशातली कुठलीच बाई पार्लमेंटच्या निवडणुकीला उभी राहू शकत नव्हती. मग एखादी हुशार असली, तिला राज्य चालवायची हौस असली, तर तिला एकच वाट होती. कर्तबगार नवरा शोधायचा आणि आपलं राजकारण त्याच्या तोंडून बोलायचं. मग तिचं ते प्रेम होतं की हौस, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

वरच्या राणीकडे त्याने एकदा पाहिलं.

“म्हंजे आता मी ती बाई झालो की,” तो म्हणाला.

मला हसू आलं आणि रडूही. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण भुवई जरा वर गेलेली. मी डोळे पुसून विचारलं की अर्ज भरायची मुदत कधी संपते. शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला.

“मग तीन वाजून गेल्यावर या,” मी म्हटलं. “तेव्हा विचारा. तेव्हा मी जे म्हणेन ते फक्त तुम्हाला म्हटलेलं असेल.”

“तवर मालक दुसरी बगतील.”

“बघू देत.”

“आन मी तिला हो म्हनलं तर?”

“तर त्या पुस्तकाचा शेवट काय, ते तुम्हाला न वाचताच कळेल.”

तो उठला, पाकळ्या झटकल्या, आणि ‘येतो’ असंही न म्हणता निघून गेला.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते, दुकानातल्या मापांवर राग काढत होते. मालकांनी दुसरं स्थळ काढल्याचं कानावर आलं, जुळे सोलापूर भागातली मुलगी, घरचे तयारही आहेत म्हणे. सिद्धू टपरीकडे फिरकला नाही. शेवटी शेवटी तर काशम्माची टपरीच बंद दिसायला लागली, आणि वाऱ्याने एक कोपरा सुटून राणी नुसतीच फडफडत राहायची. मी स्वतःला समजावत होते की असंच होतं. पाच वर्षांची पायपीट एका बाजूला आणि टपरीखालच्या गप्पा दुसऱ्या बाजूला. मी शिकवते त्या पुस्तकांत काय होतं, ते मला पाठ होतं.

शेवटच्या दिवशी माझा दोन ते तीन तास होता. मी कादंबरीचा शेवट शिकवत होते. काय शिकवलं, देव जाणे. तीनची घंटा झाली. मुलं गेली. मी फळा पुसला. मग पुसलेलाच परत पुसला. वऱ्हांड्यात कुणीतरी आलं की मी दाराकडे वळायचे, आणि तो शिपाई असायचा.

मी पर्स उचलली, तेव्हा दारात सावली पडली. सिद्धू उभा होता. केस विस्कटलेले, शर्टावर धूळ, हात रिकामे.

“तीन वाजून गेले, मॅडम.”

मी पर्स परत टेबलावर ठेवली. मग त्यानेच सांगितलं, दाराच्या चौकटीला टेकून. त्या स्थळाला त्याने ते निघालं त्याच दिवशी नाही म्हटलं होतं. तिकीट मालकांच्या सुनेला गेलं. मी विचारलं, मग इतके दिवस होतात कुठे?

“काशम्माचे दाखले गोळा करत हिंडत हुतो.”

काशम्मा अपक्ष उभी राहिली होती. अर्जावर सूचक म्हणून सही सिद्धलिंगची होती. मालकांनी त्याला तिथेच, निवडणूक कचेरीच्या फाटकात सांगितलं की आता पक्षाची पायरी चढायची नाही.

“पाच वर्षं पेठेत मी फिरलो,” तो म्हणाला. “पन टँकर अडवला तिनं, रांग लावली तिनं. जागा बाईची हाय, तर त्या जागेवर बाईच असू दे की. हे मला तुमचं ते ऐकल्यावर सुचलं. मी ती बाई झालो, मग म्हनलं, खऱ्या बाईला कुनी इचारलंच न्हाई.” मग तो म्हणाला, “तुमच्यासाठी सोडलं आसं समजू नका हां. न्हाईतर जल्मभर ऐकवीन.”

मी त्याच्याकडे बघत राहिले, त्या पाण्याच्या दिवशी राहिले होते तशीच. माझ्या कपाटात हातभर जाडीची पुस्तकं आहेत. त्यांतले सगळे हुशार मुलगे दिवाणखान्याच्या दारात उभे राहून हे की ते असा विचार करत असतात. हातातली जागा उचलून जिची आहे तिला द्यावी, हे त्यांतल्या एकालाही सुचलेलं नाही. सुचणार कसं, तेव्हा तशी सोयच नव्हती. पण आता आहे, आणि आता तरी किती जणांना सुचतं? मला भरून आलं. इतकं मोठं काहीतरी माझ्या वर्गाच्या दारात धुळीने माखून उभं होतं आणि त्याला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

“आता मी कुनीच न्हाई,” तो हळूच म्हणाला. “पक्ष न्हाई, तिकीट न्हाई. मालकांच्या फ्लेक्सच्या आर्डरीबी गेल्या. तरी... इचारू?”

“विचारा की.”

आम्ही नेहमी मराठीत बोलायचो. मी मॅडम आणि तो सिद्धूअण्णा. त्याने मात्र विचारलं ते आमच्या दोघांच्या आयांच्या भाषेत, कानडीत, अगदी खालच्या आवाजात.

“नन्न मदिवी आगतियेन?”

माझ्याशी लग्न करशील का, एवढंच. पण घरात, चुलीपाशी बोलायची ती भाषा त्या रिकाम्या वर्गात ऐकली आणि मी पहिल्या बाकावर बसलेच.

“आगतीनि,” मी म्हटलं. करीन, एवढंच.

घरी मात्र सांगायचा मला धीर होईना. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. मग एका सकाळी अप्पा दुकान उघडायला गेले आणि फळी काढता काढता थांबले. समोरच्या खांबावर रीतसर परवानगीचा फ्लेक्स लागला होता. मधोमध काशम्मा, हात जोडून. ते हिरव्या बांगड्यांचे हात मी लगेच ओळखले. राणीला लावलेले हात ते हेच. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून वेल्डिंगवाले चाचा, मागवाल्यांच्या बायका, चावीवाला. आणि ओळीच्या शेवटी दोन गोल, एकमेकांना चिकटून. एकात सिद्धू आणि दुसऱ्यात मी, चर्चासत्राच्या फ्लेक्सवर होता त्याच फोटोत.

अप्पांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मी त्यांच्या मागेच उभी होते. शेवटी त्यांनी विचारलं, पोराच्या दुकानात आता कामं येतात का. मी म्हटलं, थोडी थोडी. ते हं म्हणाले. मग आत आले, गोणीतून साखर काढली, तराजूत न घालताच कागदावर ओतली, पुडा बांधला आणि त्याला दोऱ्याचे भरपूर वेढे दिले.

“तुझ्या अव्वाला सांग, चांगलं लुगडं नेस म्हणावं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “आणि होटगीची गाडी किती वाजता आहे, ते बघ.”